उटनूरच्या बसची चतुःसीमा

आमच्या तहसील कचेरीसमोर चहाची एक टपरी आहे. टपरीवाल्याच्या फोनला जी रिंगटोन आहे, तिच्यात मी गातो. त्याला दिवसातून तीस-चाळीस फोन येतात, कधी दूधवाल्याचा, कधी मेहुण्याचा, आणि तितक्या वेळा मी खिडकीतून आत येऊन माझ्याच टेबलावर आदळतो. "थांब रे नवरदेवा, उटनूरची बस येऊ दे." समोर जमिनीच्या पट्ट्याचे कागद घेऊन उभा असलेला शेतकरी मान डोलावतो. हा आवाज पुढ्यातल्या चष्मेवाल्या, टक्कल पडत चाललेल्या कारकुनाचा आहे हे त्याच्या गावीही नसतं. व्हिडिओत तोंड हलवणारा पोरगा वेगळाच आहे, हैदराबादचा, गोरागोमटा. मी कोणाला सांगायला जात नाही. सांगून काय करणार? गाणं माझं नाही.

तसं ते कधीच माझं नव्हतं. ते माझ्या मायचं.

माय सतरा वर्षांची होती तेव्हा लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, उटनूरला सरकारी कचेरीत शिपाई लागला होता. त्या घरात पगार आणणारा तो पहिला माणूस. मायच्या लग्नाच्या दिवशी त्याची बस वेळेवर आली नाही. नवरदेवाकडचे घाई करू लागले, पण माय अंगणातल्या निंबाखाली बसली ती काही उठेना. बाया चिडवायला लागल्या, "काऊन वो, नवरदेव पसंत नाई का?" तेव्हा मायनं बसल्या जागेवरून गाण्यातच उत्तर दिलं:

थांब रे नवरदेवा, उटनूरची बस येऊ दे,
भावाच्या हातची साडी मले नेसून घेऊ दे.

दुपारी चारला मामा आला. बस वाटेतच बंद पडली होती आणि उरलेले तीन कोस तो साडीचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालला होता. लग्न लागलं, पाहुणे पांगले, गाणं मात्र गावात राहिलं. आमच्याकडं हळदीच्या गाण्याला मालक नसतो. ज्या घरी हळद, त्या घरच्या बायांनी एक नवं कडवं जोडायचं, असा रिवाज. नाही जोडलं तर "याइच्या घरच्या बाया मुक्या हायेत का" म्हणून वर्षभर नाव ठेवतात. कोणाचा भाऊ मास्तर झाला तर बस शाळेसमोर थांबली. कोणाचा पुण्याला कंपनीत लागला तर बस पुण्याहून आली. मी कळता झालो तोवर कडवी किती झाली हे कोणी मोजलेलं नव्हतं, पण मायला सगळी पाठ होती.

गळा मला तिच्याकडून मिळाला. नोकरी बापाच्या हट्टामुळं मिळाली. आम्ही मजुरांचे मास्तर आणि कारकून झालो त्या पिढीतला मी. एप्रिलातल्या जयंतीला विहारासमोर दोन-चार गाणी म्हणायची, एवढाच माझा गाण्याशी संबंध. तिथं एकदा आदिलाबादच्या एका स्टुडिओवाल्यानं मला ऐकलं. पत्र्याच्या खोलीत बसून तो डीजेची गाणी तयार करायचा. म्हणाला, "लग्नाचं एखादं द्या ना सार, खाली बीट टाकतो." एका रविवारी मी गंमत म्हणून मायचं बसचं गाणं गाऊन दिलं, चारच कडवी. चार महिन्यांत ती बस कुठं कुठं गेली ते पाहून मीच चक्रावलो. ट्रॅक्टरवर वाजायची, वरातीत वाजायची, ज्यांना मराठीचा म कळत नाही ती तेलुगू पोरं तिच्यावर नाचून व्हिडिओ टाकायची. माय शेजारणीला सांगायची, "पाय वो, मायी बस कुठलोक गेली."

मग कंपनीचा माणूस आला. हैदराबादची गाण्यांची कंपनी, माणूस हसतमुख, हातात मिठाईचा डबा आणि इंग्रजीतला चार पानी कागद. एकरकमी पैसे द्यायला तयार होता. माझ्या दहा महिन्यांच्या पगाराएवढे.

इथं मला माझी फुशारकी सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कागदाचा माणूस आहे. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे दस्त वाचून मी पोट भरलं आहे. कुठं खाडाखोड आहे, कुठं साक्षीदार कमी आहे, हे मला कागद नाकाशी धरूनही कळतं. त्यामुळं त्या कागदावर मी न वाचता सही केली असं कोणी म्हणू नये. मी तो दोनदा वाचला. आणि त्यात मला एक चूक सापडली. विकत घेतलेली वस्तू काय, तर नुसतं 'गाणं'. मी त्या माणसाला म्हणालो, "साहेब, ये कच्चा कागज है. इसमें चतुःसीमा किधर है?"

शेताचा दस्त केला की चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला नाला, उत्तरेला वाट, दक्षिणेला कोण. नाही लिहिलं तर पुढं झगडा ठरलेला. मी त्याला समजावलं की गाण्याचीही हद्द लिहा, नाहीतर उद्या कोणी दोन शब्द बदलून गाणं पळवेल. तो माझ्याकडं पाहतच राहिला. मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि मी एक-एक बाजू सांगत गेलो. चाल: सगळी. शब्द: आजवर म्हटलेली आणि यापुढे जी होतील ती सर्व कडवी. भाषा: कोणतीही. आवाज: कोणाचाही. चारी बाजू बंद झाल्यावर मला कोण समाधान वाटलं. तो म्हणाला, "सार, आप तो हमारे वकील से भी पक्के हो." मी वर त्याला दोन साक्षीदारही आणून दिले. आ बैल मला मार म्हणतात ना, तसं. मी तर बैलाच्या शिंगांना तेलही लावून दिलं.

गीतकाराच्या जागी नाव कोणाचं, असं त्यानं विचारलं. माय तिथंच तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "माय, तुयं नाव टाकू का?"

"मले सही येत नाई बाबू. अंगठा लावायले सांगतीन ते." तिनं सुपातून मानही वर केली नाही. "माया बापानं एक डाव अंगठा लावला, तं सात साल सालदारी करा लागली. तुयंच लिहून टाक. गाण्याले का नाव रायते?"

"अवं, मी वाचलं ना समदं."

"तू वाचलं ना, मंग झालं."

त्या पैशातून घरावर स्लॅब पडला. पावसाळ्यात भांडी मांडायची कटकट गेली. त्याचं सुख खोटं नव्हतं.

मला खरंच वाटलं होतं की आपलं काही जात नाही. जुन्या पहाणीत, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यात, दोन रकाने असायचे, एक पट्टेदाराचा म्हणजे मालकाचा, एक कब्जेदाराचा. नाव कोणाचंही असो, नांगर ज्याचा चालतो त्याला उठवणं सोपं नाही, हे मी कचेरीत जन्मभर पाहिलं होतं. मी हिशेब केला, पट्टा कंपनीचा, कब्जा माझा. गळा तर माझ्याच मानेवर आहे, तो कोण नेतो? कॉम्प्युटरच्या नव्या नोंदीत कब्ज्याचा रकाना राहिला नव्हता, आणि हे रोज येणाऱ्या माणसांना मीच तर समजावून सांगत होतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

चूक कळली ती बासरला. कंपनीला 'भाग दोन' हवा होता आणि व्हिडिओ गोदावरीच्या घाटावर काढायचा होता. सरकारी नोकर असल्यानं मी परवानगी मागून, रजा टाकून गेलो. तिथं करीमनगरकडची एक गायिका आली होती, पंचविशीची, तेलुगूत लोकगीतं गाणारी. तिच्या गाडीचा ड्रायव्हर वेगळा, केस विंचरणारी वेगळी. जेवताना तिनं मला विचारलं, "अन्ना, आपका हिस्सा कितना?" मी म्हटलं, हिस्सा नाही, एकदाच मिळाले. ती जेवायची थांबली. मग तिनं मला सगळा धंदा समजावला, एखाद्या लहान भावाला समजवावं तसा, मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असताना.

लोक ऐकतात त्याचे पैसे ज्वारीच्या दाण्यासारखे येतात, ती म्हणाली, एक-एक. एका गाण्यानं सूपही भरत नाही. पण गाणी पन्नास असली आणि पन्नासही आपल्या नावावर असली, तर झोपलो तरी दाणे पडत राहतात. खर्चाला पैसा लग्नांतून आणि जत्रांतल्या कार्यक्रमांतून काढायचा, साडीच्या दुकानांची उद्घाटनं करायची, जाहिरात करायची. पण मूळ रेकॉर्डिंग कोणाला द्यायचं नाही. सिनेमावाले आले तरी भाड्यानं द्यायचं, मुदत घालून. तिचं चॅनल तिच्या आईच्या नावावर होतं. तिनं दोन घरं बांधली होती. "गाना बेचते नहीं अन्ना. बटाई पे देते." बटाई म्हणजे काय हे ती मला सांगत होती, मला, ज्यानं बटाईनं, म्हणजे वाट्यानं, दिलेल्या शेतांची भांडणं रोज ऐकली आहेत. मी दूध विकायचं सोडून म्हैसच विकली होती, तीही ताकाच्या भावात. त्या दिवशी मला तिचा राग आला. आता येत नाही.

त्यानंतर बस माझ्याच छातीवर येऊन उभी राहिली. भाग तीनमध्ये ती भैंशाची झाली, चारमध्ये आसिफाबादची. कागदात असंही होतं की सात वर्षं माझा आवाज दुसऱ्या कोणासाठी रेकॉर्ड व्हायचा नाही. जयंतीला आता समोर शंभर फोन वर धरलेले असतात, आणि त्यांतला एक जरी व्हिडिओ नेटवर गेला तरी मलाच नोटीस. मी विहाराच्या मागच्या बाजूला बसतो. मंडळाची पोरं म्हणतात, "मोठा झाला आता, कायले गाइन?"

हे सगळं मी सोसलं असतं. माझी करणी, मी भोगीन. पण मायला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. मामा आता ऐंशीला टेकलेला, अर्धांगानं उटनूरला खाटेवर पडलेला. तो येऊ शकत नव्हता. पण आता प्रत्येक लग्न फोटोवाले लाईव्ह दाखवतात, तेव्हा ठरलं की मामानं हळद फोनवर पाहायची. माय महिनाभर एक नवं कडवं जुळवत होती. भाजी निवडताना गुणगुणायची, कोणी जवळ गेलं की गप्प. ताईनं विचारलं तर म्हणाली, "हळदीत ऐकजो. थे तुया मामासाठी हाय, तुयासाठी नाई."

भर दुपारी फंक्शन हॉलमध्ये हळद लागली. माय कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, पदर नीट केला, आणि मामाकडं पाहावं तसं त्या काचेकडं पाहून तिनं गाणं उचललं. बायांनी मागं ओळ धरली. दुसरं कडवं संपत होतं तेव्हा माझा फोन वाजला. उटनूरहून मामाची सून बोलत होती.

"दादा, इकडं बंद झालं. काळंच दिसून राह्यलं. मामंजी विचारून राह्यले, बाई कुठं गेली."

मी फोटोवाल्याकडं पाहिलं. तो कॅमेऱ्याच्या मागं खटपट करत होता. मग त्यानं वायर काढली. मायनं ते पाहिलं आणि गाता गाता थांबली.

"काऊन काढून राह्यला बाबू?"

"आजी, लाईव्ह बंद पडलं. हे गाणं दुसऱ्याचं हाय म्हनते."

"दुसऱ्याचं?" माय हसली. "दुसऱ्याचं म्हंजे कोनाचं?"

बायाही हसल्या आणि मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण गाणारा मी हे घरच्यांना माहीत होतं. मला सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "मशीन बिघडली, माय." ती वाट पाहत राहिली, मशीन सुधरेल म्हणून. मग हळद लावायची वेळ झाली. तिनं नवं कडवं म्हटलंच नाही. त्या हळदीत आमच्या घरचं कडवं जोडलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या त्या माणसाला फोन केला. तो नेहमीसारखाच गोड बोलला. "सार, मशीन पकड़ती है. मशीन को आपकी अम्मा कैसे मालूम?" मी तावातावानं बोललो, तेव्हा म्हणाला, "हद तो आपने ही लिखवाई थी, सार." मग त्यानं मार्ग सांगितला: अर्ज करा, पंधरा दिवसांनी बघू. हे वाक्य मी रोज दहा माणसांना ऐकवतो. ते असं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मी कचेरीतल्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. 'विषय: माझ्या आईस तिचे गाणे म्हणण्याची परवानगी मिळणेबाबत.' लिहून झाल्यावर वाचला आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी उठून नळावर जाऊन तोंड धुतलं. पाठवला तरीही. उत्तर आलं, घरात खासगी म्हणायला हरकत नाही, चित्रीकरण नको.

मायला मी अंगणात सांगितलं, ती मिरच्या वाळत घालत होती तेव्हा. स्लॅबपासून चतुःसीमेपर्यंत सगळं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून ती मला काही बोलणार नाही हे मला माहीत होतं. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं मिरच्या सारख्या करत विचारलं, "मंग नवीन कडवंबी त्याइचंच?"

"हाव."

"जे अजून म्हनलंच नाई थे?"

तिनं आपला उजवा अंगठा पाहिला, तिखटानं लाल झालेला, आणि लुगड्याला पुसला. "मी तं लावलाबी नाई," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिचं गुणगुणणं बंद झालं. मी सांगितलं, घरात म्हणायला हरकत नाही, तसा कागद आला आहे. ती म्हणाली, "कागद पाहून कोनी गाते का?" चूल झाली, भांडी झाली, सगळं बिनआवाजाचं. बाहेर टपरीवर, वरातीत, फोनमध्ये मी ओरडतो आहे आणि घरात ज्या बाईचं ते सगळं, ती मुकी. कचेरीत गेलो की टपरी, घरी आलो की ती शांतता. मधल्या रस्त्यावर तेवढं बरं वाटायचं.

दोन महिन्यांनी मामाची तब्येत जास्त बिघडली. मायनं सकाळीच पिशवी भरली. "मले उटनूरले ने. बसनं."

मी गाडी करतो म्हटलं, पण ती बसनंच म्हणाली. आमच्याकडं बायकांना बसचे पैसे पडत नाहीत, तिनं आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं झिरो तिकीट फाडून दिलं. ते तिनं कनवटीला नीट खोचलं. सागाचं जंगल लागलं तसं मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरींनी फोनवर तेच गाणं लावलं. एक पोरगी म्हणाली, आपण उटनूरच्याच बसमध्ये आहोत, व्हिडिओ काढू. माय खिडकीबाहेर पाहत राहिली. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं.

मामा खाटेवर होता. उजवी बाजू गेलेली, पण डावा डोळा तिला पाहून हसला. तिनं त्याचा हात हातात घेतला, पाणी पाजलं. सुनेनं चहा ठेवला. मग मामा जडपणानं म्हणाला, "हळदीत... काळं झालं. तू गाऊन राह्यली होती."

"हाव भाऊ."

"म्हन."

मायनं पदर नीट केला. तोंड उघडलं आणि थांबली. वळून माझ्याकडं पाहिलं. कचेरीत माणसं माझ्याकडं जशी पाहतात तशी, कागद हातात धरून, मी हो म्हणतो की नाही म्हणतो याची वाट पाहत.

"भावापुढं म्हनलं तं चालते का, बाबू?"

माझ्या मायनं मला तिचंच गाणं म्हणायची परवानगी मागितली. मी मान डोलावली.

ती म्हणाली. चाल सुटली नाही.

तू येत होता, मी बसली होती निंबाखाली,
आता तू निजून राह्यला, मी बसनं आली.
थांब रे भावा, थांब जरा, घाई करू नोको,
उटनूरची बस आली, तू आधी जाऊ नोको.

मामाच्या चांगल्या डोळ्यातून पाणी उशीवर गेलं. सुनेनं नकळत फोन वर धरला होता. मायनं तिच्याकडं पाहिलं नाही, मीच उठून तो हातानं खाली केला. हे हळदीसाठी जुळवलेलं कडवं नव्हतं, हे पाच मिनिटांपूर्वी जन्मलं होतं, आणि त्याच्या चारी बाजू मी आधीच लिहून दिल्या होत्या. माय भावाचे पाय चेपत बसली. परतीची बस कितीची आहे, तिनं मला विचारलं.